फूटस्टेप नको, स्लायडर हवा

५ जानेवारी २०२५, रविवार

हर्षद म्हणाला, प्रत्येकाने आपल्या गाडीची वही ठेवायची. हर्षद म्हणजे आमच्या ऑफरोड ग्रुपचा, रस्ता सोडून दगडधोंड्यांत गाड्या घालणाऱ्यांचा, म्होरक्या. वय चाळीस, पँटला अकरा खिसे, त्यातल्या एकातही रुमाल नाही. तर ही वही. टायरची हवा ठीक. इंजिन ऑइल ठीक. मालकीण संघमित्रा तायडे, वय छप्पन, उंची चार फूट अकरा इंच, तीही ठीक.

काल माझा वाढदिवस झाला. सम्यकने गाडी दोन तासांसाठी नेली आणि परत आणली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना चकाकणाऱ्या पायऱ्या लावलेल्या. फूटस्टेप. "मम्मी, तुला चढताना त्रास होतो ना." त्रास होतो हे खरं आहे. मी जीपमध्ये चढते तेव्हा सोसायटीचा वॉचमन दुसरीकडे बघतो, इतकं ते दृश्य वाईट आहे. पण माझ्या गाडीला मला न विचारता भोकं पाडायची? मुलगा बीकेसीतल्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांना प्रेझेंटेशनं दाखवतो. त्याला वाटतं आईसुद्धा तशीच एक स्लाइड, पटकन बदलता येते.

प्रांजल, माझी सून, माझ्या कानात म्हणाली, "छान दिसतायत, पण टिकतील का हो?" पोरगी कोकणातली आहे, वस्तूची पारख आहे तिला. नवरा निवडताना तेवढी थोडी गडबड झाली.

१२ जानेवारी, रविवार

टिकल्या नाहीत.

मुरबाडच्या पुढे एका कोरड्या नदीपात्रात गेलो होतो, सहा गाड्या. तिसऱ्याच दगडावर उजवी बाजू खाली बसली आणि आवाज आला, पत्र्याचा डबा चिरडावा तसा. सम्यकची चकाकती पायरी वर वळली ती थेट माझ्या दाराखाली घुसली. दार उघडेना. शेवटी गिअरच्या दांड्यावरून पलीकडच्या सीटवर सरपटत जाऊन बाहेर पडले. कुडता दांड्यात अडकला. पाच जण गंभीर चेहऱ्याने आकाशाकडे बघत होते. हसणं दाबताना माणसं किती सज्जन दिसतात!

हर्षदने मग व्याख्यान दिलं. फूटस्टेप बॉडीला टांगलेली असते, माणसाचं वजन घेते, खडकाचं नाही. रॉक स्लायडर म्हणजे जाड पाइप, तो चॅसिसला, गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केलेला असतो. गाडी त्यावर टेकते, घसरते आणि पुढे निघते. दाराखालचा पत्रा वाचतो. मी तेहेतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडत होते, घाटकोपर एक्स्चेंजला. भार कुठे जातो हे मला कळतं. फक्त कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

सम्यक आला, दार पाहिलं, आणि त्याचं तोंड भीमराजसारखं झालं. त्याचे बाबा असेच गप्प व्हायचे आणि मग एकदम फुटायचे. जाऊन सहा वर्षं झाली, पण ते तोंड मुलाकडे ठेवून गेलेत.

"विकून टाक."

"नाही."

"मम्मी, तू छप्पन वर्षांची आहेस."

"मग? गाडीच्या कागदांवर वयाची अट नाहीये."

"काही झालं तर कोण बघणार? इथे मुलुंडला एकटी राहतेस. कांदिवलीला ये, आमच्याकडे खोली रिकामी आहे."

ती खोली मी पाहिली आहे. खिडकीतून समोरच्या टॉवरचं स्वयंपाकघर दिसतं. तिथली बाई भेंडी चिरत असते. मला उरलेलं आयुष्य तिची भेंडी बघत काढायचं नाही.

शेवटी तह झाला. अजून एक ट्रेल, म्हणजे तसलीच एक दगडी वाट. सम्यक स्वतः बाजूला बसणार. गाडीला किंवा मला काही झालं तर गाडी विकायची आणि बिऱ्हाड कांदिवलीला. मी हो म्हटलं. सहीबिही काही नाही! तोंडीच होतं सगळं.

१८ जानेवारी, शनिवार

अंधेरीत चार दुकानं फिरले. चारही ठिकाणी तोच संवाद.

"मॅडम, गाडी सरांची का?"

"सर वारले."

"सॉरी. मग तुमच्यासाठी ही फूटस्टेप एकदम झकास. साडी अडकणार नाही."

मी जीन्समध्ये उभी होते.

स्लायडर दाखवा म्हटलं तर एकाने काळा रंग दिलेली दणकट दिसणारी वस्तू काढली. मी ती एका हाताने उचलली. माझ्यासारखी बाई जी वस्तू एका हाताने उचलते, ती दीड टनाची गाडी काय पेलणार? विचारलं, "ही लावणार कुठे?" म्हणाला, "गाडीला." म्हटलं, "गाडीला कुठे?" म्हणाला, "खाली." ज्ञानी माणूस.

२० जानेवारी, सोमवार

हर्षदने पत्ता दिला. एलबीएस मार्ग, घाटकोपर, एका टायरवाल्याच्या मागे. काशीराम परब, फॅब्रिकेटर. साठीच्या जवळचा, केस पांढरे, हात काळे, बोलणं मोजकं. दहा मिनिटं गाडीखाली होता. बाहेर आला तो विचारतो, "बाई, तुमची उंची किती?"

मी म्हटलं, "स्लायडर माझ्या मापाचा करायचाय का गाडीच्या?"

"दोघांच्या."

मग समजावून सांगितलं, आणि हे मान्य करावं लागेल की कुठेही 'मॅडम, तुम्हाला नाही कळणार' म्हटलं नाही. स्लायडर बॉडीला चिकटून घट्ट आत ठेवला तर खडकापासून बचाव उत्तम, पण पाय ठेवायला जागा नाही. बाहेर काढला तर पाय ठेवता येतो, झाडाच्या बुंध्यापासून दारही वाचतं, पण गल्लीत रिक्षावाल्याच्या नडगीला लागतो. आणि खाली लटकवला तर ती पुन्हा पायरीच झाली, पहिल्या दगडावर जाणार. पाइप सीमलेस घ्यायचा, जोड नसलेला. जोडाचा पाइप स्वस्त, पण मार बसला की जोडावरच फाटतो. चॅसिसला वेल्ड नाही करायचं, बोल्टच. वेल्डने चॅसिस कमजोर होते, आणि उद्या स्लायडर काढायचा झाला तर निघत नाही.

"मला दोन्ही हवं," मी म्हटलं. "बचाव पण, पाय पण."

"सगळ्यांनाच हवं असतं," तो म्हणाला आणि विटा आणायला गेला.

खरंच विटा. दाराजवळ एकावर एक रचल्या आणि म्हणाला, चढा. मी चढले. उतरा. एक वीट काढली, फळी ठेवली. चढा. असं अकरा वेळा! माझ्या टेलिफोन खात्यातही कुणाला एक माप घ्यायला अकरा वेळा लागल्या नव्हत्या. शेवटच्या चार वेळा तर त्याने विटा हलवल्याही नाहीत, नुसता बघत उभा. काम मन लावून करतो, पण डोकं जरा मंद असावं.

३१ जानेवारी, शुक्रवार

लागले! काळे, बेढब, जड. बाहेरच्या पाइपला वर उचललेला हलका कोन दिलाय, खाली काहीच लोंबत नाही. पाय ठेवला तर माझ्या गुडघ्याला बरोब्बर. वर खडबडीत जाळी बसवलीय, पाय घसरायला नको म्हणून. ही मी मागितली नव्हती. विचारलं तर म्हणाला, "पावसात लागेल."

मग परीक्षा. स्लायडरच्या मधोमध जॅक लावला आणि अख्खी गाडी एका बाजूने उचलली. दोन्ही चाकं हवेत. पाइप केसभरही वाकला नाही. मी टाळ्या वाजवल्या. परब लाजला. एवढा मोठा माणूस, पाइपचं कौतुक केलं तर लाजतो.

जाताना म्हणाला, "दर पंधरा दिवसांनी बोल्ट तपासायला आणा. सैल होतात."

काय करणार, आणावी लागेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोल्ट तपासणी. सिग्नलवर गुलाबवाल्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. एकाने माझ्या खिडकीत गुच्छ कोंबला, "आंटी, अंकलसाठी." म्हटलं, अंकल वरती गेलेत, तिथे डिलिव्हरी करतोस का?

परबने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुठे लग्नाला जायचं असेल. त्या शर्टातच गाडीखाली शिरला आणि पाठीला ऑइलचा नकाशा घेऊन बाहेर आला. बोल्ट सगळे घट्ट. तरी अर्धा तास लागला. चहा मागवला, सोबत खारी. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सुरतला. मी भीमराजबद्दल सांगितलं. त्यांना गाडीत बसलं की उलटी व्हायची, म्हणून आम्ही आयुष्यभर कुठे गेलोच नाही, हे मी कुणाला सांगत नाही. खारी चांगली होती.

१ मार्च, शनिवार

प्रांजल सोबत आली. पुन्हा बोल्ट, पुन्हा घट्ट. मी हात धुवायला नळावर गेले होते. परब फोनवर कणकवलीच्या बहिणीशी मोठमोठ्याने मालवणीत बोलत होता: "अगे, ती मुलुंडची बाई इली काय माजा वेल्डिंग वाकडा जाता. काय करू सांग."

प्रांजल स्टुलावर बसल्या जागी खोकायला लागली. चेहरा लाल. मी पाणी दिलं आणि विचारलं, काय म्हणाला तो?

"काही नाही मम्मी. वेल्डिंगबद्दल."

तेवढं मलाही कळलं! वेल्डिंग वाकडं जातं म्हणे. निदान बहिणीजवळ कबूल तरी करतो. मी घरी येऊन टॉर्च घेऊन सगळे सांधे तपासले. मला तरी सरळ दिसले. पण आता मनात पाल चुकचुकली. ट्रेल तीन आठवड्यांवर आहे, आणि बाजूला सम्यक.

१६ मार्च, रविवार

हर्षदला सहज विचारलं, तू बोल्ट किती दिवसांनी तपासतोस? म्हणाला, एकदा, पाचशे किलोमीटरनंतर. त्यानंतर वर्षभर कोण बघतंय!

म्हणजे मी दर पंधरा दिवसांनी मुलुंड ते घाटकोपर, मेट्रोसाठी खणलेल्या रस्त्यावरून, कशासाठी जाते? माणूस साधा दिसतो आणि गिऱ्हाईक असं बांधून ठेवतो. परवा गेलेच नाही. काल संध्याकाळी त्याचा फोन. "बाई, आला नाहीत? बोल्ट..."

"माझे बोल्ट घट्ट आहेत, परब," मी म्हटलं आणि ठेवला.

 डाळ करपली. राग आला की माझं स्वयंपाकात लक्ष नसतं.

२३ मार्च, रविवार

ट्रेल. तेच नदीपात्र. सम्यक माझ्या बाजूला, गुडघ्यांवर हात, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावा तसा. आणि हर्षदच्या जीपमधून कोण उतरतो? परब. "भार आल्यावर पाइप कसा वागतो बघायचंय," म्हणाला. माझ्याकडे न बघता. मीही बघितलं नाही.

मागच्या वेळी अडकले त्याच्या पुढे एक कातळाची पायरी आहे, कमरेएवढी. चार गाड्या चढल्या. मी अर्ध्यावर पोचले आणि मागचं चाक घसरलं. गाडी उजवीकडे कलंडायला लागली. सम्यकच्या तोंडून "मम्मी" असा आवाज आला, तो पहिलीत असताना शाळेच्या दारात यायचा तसा. मग खाली दणका. माझ्या दाराखाली. मी डोळे मिटले. कांदिवली, भेंडी, सगळं दिसलं.

पण पत्र्याचा आवाज नव्हता. लोखंडाचा होता. गाडी टेकली होती आणि थांबली होती.

हर्षद ओरडत होता, "मागे घ्या! मागे!" दुसरा कुणीतरी, "उतरा आधी!" आणि या गोंधळात परब पुढून चालत माझ्या खिडकीपाशी आला. आवाज एकदम खाली.

"मागे नको, बाई. गाडी स्लायडरवर बसलीय. खडक धरून आहे तिला. स्टिअरिंग सरळ. पहिला गिअर. हळू सोडा, तिला घसरू दे. त्याच्यासाठीच बनवलाय."

"नक्की?"

"माझ्याकडे बघू नका. पुढे बघा."

मी क्लच सोडला. स्लायडर कातळावरून करकरत पुढे सरकला, दाढ काढताना येतो तसा तो आवाज हाडातून आला. एक फूट, दोन फूट, आणि मागच्या चाकाने दगड पकडला. गाडी वर! सगळे शिट्ट्या वाजवायला लागले. मी दार उघडलं, पहिल्या झटक्यात उघडलं, आणि पाय ठेवून उतरले. सम्यकही उतरला. खाली वाकून बघितलं. काळा रंग खरवडून चंदेरी पट्टा निघाला होता, बाकी काही नाही. दाराला साधा ओरखडा नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. 

परबचं मात्र वेगळंच. मी त्याला पाण्याची बाटली दिली तर त्याला झाकण उघडता येईना. दोनदा हातातून पडलं. खिडकीपाशी इतका शांत होता आणि गाडी निघाल्यावर दगडावरच बसला. स्वतःच्या वेल्डिंगवर इतका कमी विश्वास! मी म्हटलं, "परब, टिकला की पाइप." तो म्हणाला, "पाइपाचं कोण बोलतंय."

घरी येऊन हे वाक्य तीनदा लिहून बघितलं. पाइपाचं नाही तर कशाचं?

२९ मार्च, शनिवार

गाडी जिंकली, तह संपला. आता फक्त बोल्टांचा हिशेब राहिला होता. दुपारी घाटकोपरला गेले ते तडक विचारायलाच. परब गॅरेजचं शटर ओढत होता. ऐरोलीला पाइप बघायला निघालेला. म्हटलं, बसा, सोडते.

तो स्वतःच्या स्लायडरवर पाय ठेवून पहिल्यांदाच गाडीत बसला. ऐरोलीच्या पुलावर आलो. खाडीत फ्लेमिंगो उभे होते, त्यांच्याकडे बघत बसला. पुलाच्या पलीकडे मी गाडी बाजूला घेतली.

"परब, बोल्ट सैल होत नाहीत. हर्षदने सांगितलं. मग मला दर पंधरा दिवसांनी का बोलावत होता?"

मला वाटलं, सारवासारव करेल. त्याने समोरच्या काचेकडे बघत सांगितलं, आणि सगळं मालवणीत, जणू मुंबईची मराठी त्याच्याजवळ संपली होती.

"तुम्ही येतास तेवा बरा वाटता. दुसरा काय कारण नाय. खोटा बोललंय, माफ करा."

मी तेहेतीस वर्षं लोकांचे बंद पडलेले फोन दुरुस्त केले. कोण कशामुळे ऐकू येत नाही हे मला तारेवरून कळायचं. आणि हा माणूस दोन महिने माझ्या गाडीखाली शिरून बोलत होता आणि मला ऐकू आलं नाही. विटा. शर्ट. खारी. आपण किती ठार बहिऱ्या आहोत हे बघून आधी राग आला, मग हसू, आणि मग छातीत काहीतरी झालं त्याला मी नाव देणार नाही, ही गाडीची वही आहे.

तोंडातून मात्र भलतंच निघालं. "हे बघा परब, मी छप्पन वर्षांची आहे. मासे मला करता येत नाहीत. माझ्या घरात बुद्ध आहे आणि बाबासाहेब आहेत, तुमच्याकडे गणपती. सुनेच्या आईबापांनी या कारणासाठी दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं, ते मी विसरले नाही. आणि मी कुणाच्या घरी राहायला जाणार नाही. मुलाच्याही गेले नाही."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मासे मी करतंय. गणपती गॅरेजात आसा, त्येचा कोणाशी भांडण नाय. आणि घराक कोण बोलवता? गाडयेतच बसुया."

बसलो. किती वेळ, माहीत नाही. त्याने सांगितलं की बायको गेल्यानंतर तो रविवारीही गॅरेज उघडतो, कारण घरात भांड्यांचाच आवाज येतो. मी सांगितलं की मी घरी बातम्या लावून ठेवते, ऐकत नाही. काचेवर टकटक झाली. ट्रॅफिक पोलीस.

"मॅडम, इथे का थांबलात? काय प्रॉब्लेम?"

"गाडी गरम झालीय," मी म्हटलं.

परब खिडकीबाहेर तोंड करून इतका हसला की पोलिसाने त्यालाच विचारलं, बरे आहात ना?

पाइपचं दुकान बंद झालं होतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. कांदिवलीला जेवायला. प्रांजलने गुढी उभारली होती, श्रीखंड तिचंच. आज एक चारचाकी बातमी द्यायची होती आणि ती कशी द्यावी यावर ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत अख्ख्या घोडबंदर रोडवर विचार केला. काही जमलं नाही. मग पुरी वाढता वाढता सरळ सांगून टाकलं. काशीराम परब. पुढच्या रविवारी आम्ही दोघं माळशेजला चाललोय. ग्रुप नाही. दोघंच.

प्रांजलने पुरी खाली ठेवली, उठली आणि मला गच्च मिठी मारली. "मम्मी, मला एक मार्चपासून माहितीये. पोटात ठेवून ठेवून ॲसिडिटी झाली." मग तिने सम्यकला ते वेल्डिंगचं वाक्य मालवणीत ऐकवलं, अर्थासकट: मुलुंडची बाई आली की माझं वेल्डिंग वाकडं जातं.

सम्यक हसला नाही. ताटात बघत राहिला. मी ते भीमराजचं तोंड शोधत होते, फुटायच्या आधीचं. पण ते आलं नाही. दुसरंच काहीतरी आलं, लहान मुलासारखं, हरवल्यासारखं. मी त्याच्या ताटात श्रीखंड वाढलं. गरज नव्हती, ताट भरलेलं होतं.

"त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला, "तू वर चढलीस ना, तेव्हा ते खाली बसले. मी बघितलं. मला वाटलं त्यांना चक्कर आली."

"मलाही तसंच काहीतरी वाटलं होतं."

"बाबांना तुझ्यासाठी असं घाबरलेलं मी कधी..." एवढं बोलून थांबला.   प्रांजल पाणी आणायला उठली, पाणी टेबलावरच होतं.

मग त्याने घसा साफ केला. घरातल्या कर्त्या पुरुषाचा आवाज काढला, जो त्याला अजून नीट जमत नाही.

"माळशेजचा घाट अवघड आहे, मम्मी. ते गाडी नीट चालवतात का?"

मी म्हटलं, "चालवायला देतंय कोण?"